हिरवट राखाडी

तारामतीनं पदर खोचला, भिंतीपासून चार पावलं मागं सरकली आणि मान वाकडी करून म्हणाली, "हा जरा हिरवट मारायलाय आन् हा गुलाबी. न्हाई का हो?"

"हाव," लिंबाजी म्हणाला.

भिंतीवर हातभर लांबीचे दोन पट्टे होते, एक डावीकडं, एक उजवीकडं. लिंबाजीला ते दोन्ही एकाच चुलीतल्या राखेनं ओढल्यासारखे दिसत होते. त्यानं डोळे बारीक करून बघितलं, मोठे करून बघितलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला. राख ती राखच राहिली.

"मग कोणचा घ्यायचा?"

"तू म्हणशील तो."

"तुमचं काय मत हाय का न्हाई?"

"दोन्ही चांगलेच हायत की. म्हणून तर तुला विचारायलो."

नवऱ्याच्या या समजूतदारपणाचं तारामतीला लग्नापासून कौतुक होतं. साडीच्या दुकानात बाकीच्या बायकांचे नवरे "ही नको, ती घे" म्हणून डोकं उठवायचे. लिंबाजी सोनकांबळे मात्र गादीवर मांडी घालून बसायचा आणि म्हणायचा, "तुला आवडंल ती." मैत्रिणी तिचा हेवा करायच्या. गल्लीतल्या बालवाडीच्या बाईंनी तर एकदा आपल्या मालकांना मुद्दाम लिंबाजीच्या संगतीला पाठवलं होतं.

खरी गोष्ट वेगळी होती. लिंबाजीला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नव्हता. जन्मापासून नव्हता. हे घरच्यांत फक्त त्याच्या आईला, कोंडाबाईला, ठाऊक होतं आणि ती आता नव्हती. मुखेडकडच्या त्यांच्या गावाला बांधावर बोरी होत्या. पोरं झाडाखाली पिकलेली बोरं वेचायची आणि लिंबाजीच्या ओंजळीत निम्मी हिरवीगार. पोरं हसायची. कोंडाबाईनं एकदा त्याला बाजूला घेतलं, त्याच्या बोटात एक बोर दिलं आणि म्हणाली, "डोळ्यानं बघू नको, लेकरा. बोटानं बघ. पिकलेलं मऊ लागतंय." पुन्हा ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, कुणाला सांगितलंही नाही. तेव्हापासून लिंबाजी जग बोटानं, जागेनं आणि दुसऱ्याच्या तोंडून बघत आला होता.

मोठा झाल्यावर नांदेडला रेल्वेच्या नोकरीचा लेखी पेपर तो पहिल्या झटक्यात पास झाला. मग डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक पुढं धरलं आणि आत दडलेला आकडा वाचायला सांगितला. लिंबाजीला ठिपके दिसले, आकडा काही दिसला नाही. घरी येऊन त्यानं सांगितलं, "वशिला नव्हता." सगळ्यांना ते ताबडतोब पटलं.

निळा मात्र त्याला लख्ख दिसायचा, इतरांपेक्षा काकणभर जास्तच. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळे झेंडे निघाले की त्याला वाटायचं, एवढा एक रंग डोळ्यांत भरून मिळाला, बाकीच्यांवाचून काय नडलंय?

नडायचं ते कचेरीत. लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' रंगवून बुजवलं होतं, पण खालची जुनी अक्षरं उन्हानं पुन्हा वर डोकं काढायची. कालपर्यंत कडब्याच्या गंजी होत्या तिथं प्लॉट पडले, प्लॉटवर खोल्या उठल्या, खोल्यांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या. सगळ्या खात्यांचे साहेब लातूरला बदलून आले. पाऊस तेवढा आला नाही. अशाच एका नव्या कचेरीत लिंबाजी कारकून होता. तिथं साहेब हिरव्या शाईनं सही करायचे, नाहीतर लाल शाईनं फुली मारायचे. एकदा लिंबाजीनं लाल शेऱ्याची फाइल मंजूर समजून पुढं सरकवली होती. त्या दिवशी तो कसाबसा निभावला, पण तेव्हापासून त्याला एकच धास्ती होती. हे कळलं तर नोकरी जाईल. रेल्वेनं नाही घेतलं, तसं जिल्हाही काढून टाकील.

म्हणून तारामतीनं जेव्हा पुढच्या खोलीला राखाडी रंग द्यायचा म्हटलं, तेव्हा लिंबाजीला हायसं वाटलं होतं. औसा रोडच्या पलीकडं नव्या वसाहतीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. पाहुण्यांना बसवायला स्वतंत्र खोली ही दोघांच्याही घराण्यातली पहिलीच. बुद्धपौर्णिमेला तिथं बाबासाहेबांची तसबीर लावायची, वंदना घ्यायची, तारामतीच्या माहेरची आणि गल्लीतली माणसं जेवायला बोलवायची, असं ठरलं होतं. गल्लीत बाकीच्यांच्या भिंती निळीच्या चुन्यानं नाहीतर पोपटी रंगानं रंगलेल्या.

"निळ्या भिंतीवर निळा कोट दिसत न्हाई," तारामती म्हणाली होती. "मागं राखाडी पाहिजे. नव्या कचेऱ्यांना देतेत तसा. मग तसबीर कशी उठून दिसंल बघा."

राखाडी! ज्यात लालही नाही, हिरवाही नाही. या एका रंगात आपण साऱ्या जगाच्या बरोबरीचे, असं म्हणून लिंबाजी छाती काढून गंजगोलाईच्या बाजारात गेला होता. दुकानदारानं डिस्टेंपरची सुटी पूड दोन जुन्या तेलाच्या डब्यांत भरून दिली. "दोन्ही न्या. भिंतीवर लावून बघा. राहील तो डबा परत घेतो, पण कालवलेला नाही घेणार." डबे एकसारखे, वरचं चित्रही तेच.

आणि आता त्या राखाडीतही म्हणे एक हिरवट होता आणि एक गुलाबी.

"ओ बाई, यष्टी!" बाहेरून रिक्षावाला ओरडला. तारामतीला आईला आणायला शिरूर अनंतपाळला जायचं होतं. तिकडची विहीर आटली होती आणि म्हातारी शेजारणीच्या हंड्यावर दिवस काढत होती. तारामतीनं पिशवी उचलली, दाराशी थबकली, पुन्हा एकदा भिंतीकडं बघितलं.

"हिरवट घ्या. ते गुलाबी नको, बघून मळमळल्यासारखं वाटंल. हिरवट राखाडी. ध्यानात ऱ्हाईल ना?"

"न ऱ्हायला काय झालं?"

"उद्या दुपारपस्तोर येते. रंगारी आला की सुरू करून घ्या. पाणी जपून वापरा, टँकर आता परवाशिवाय न्हाई."

ती गेली. लिंबाजी दोन पट्ट्यांपुढं एकटा उरला.

थोड्याच वेळात रंगारी बसलिंगप्पा सायकलवरून उतरला. हा निलंग्याकडचा. अंगावरचा सदरा मूळचा कोणत्या रंगाचा, हे त्याला स्वतःला आठवत नव्हतं. त्यानं अंगणातल्या पत्र्याच्या टिपाडात डोकावून पाणी बघितलं, बादली काढली, कुंचला झटकला आणि विचारलं, "हं, कोणचा कालवू?"

लिंबाजीनं घसा साफ केला. "हिरवट."

"बोट दाखवा."

"अरे, हिरवट म्हणजे हिरवट. तुला दिसतोय की."

बसलिंगप्पानं कुंचला खाली ठेवला. "मालक, माझं एक तत्त्व हाय. रंग लावायचं काम माझं, रंगाला नाव द्यायचं न्हाई. मागं निलंग्यात एका बाईला म्या म्हणलं, हा बदामी. ती म्हणली, लाव. लावला. मग म्हणायली, ह्यो बदामी न्हाई, ह्यो मळका पांढरा. तीन खोल्या खरवडायला लावल्या मला. तवापासून मालकानं बोट दाखवायचं, म्या कुंचला मारायचा. आयतु? झालं का मग?"

"आरे, पण आपल्या दोघांतच..."

"बोट," बसलिंगप्पा म्हणाला आणि बिडी काढून उंबऱ्यावर बसला.

बोट दाखवणं काही अवघड नव्हतं. एक हात, एक बोट. पण ते चुकीकडं गेलं तर? तारामती दारात पाऊल टाकताच विचारील, "गुलाबी कामून लावला?" मग काय सांगायचं? विसरलो? आत्ताच तर "न ऱ्हायला काय झालं" अशा तोऱ्यात होकार दिला होता. लिंबाजीनं हळूच दोन्ही डबे उघडले, आईनं शिकवलं तसं एकेका डब्यात बोट घातलं आणि पूड चिमटीत चोळून बघितली. दोन्हीकडं सारखीच भुरभुरीत. बोरं बरी, रंग नाही.

"चव बी घ्या वाटलं तर," बसलिंगप्पा धूर सोडत म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या ओट्यावर आप्पासाहेब दिसले. आप्पासाहेबांची गावाकडं चांगली जमीन होती. नातवंडांच्या शाळेसाठी म्हणून ते जिल्ह्याच्या ठिकाणी राहायला आले होते आणि इथं कुणी काही विचारत नाही म्हणून बेजार झाले होते. लिंबाजीच्या डोक्यात एक युक्ती आली. आपण अडाणी आहोत असं न दाखवता, मान देतोय असं दाखवून विचारायचं.

"आप्पासाहेब, जरा येता का? रंगाचं तुमचं मत पाहिजे होतं."

आप्पासाहेब चपला घालायचे विसरून आले. आधी खुर्चीवर बसले. खुर्चीवर माणूस बसला की पाणी आलंच. लिंबाजीनं तांब्या दिला. त्यांनी तो घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आणा अजून. ऊन लई हाय."

दुसरा तांब्या झाल्यावर लिंबाजीनं सहज बोलल्यासारखं केलं. "मला वाटतं, यातला एक जरा हिरवट हाय. न्हाई का?"

"हाव तर! हा उजवा. सरळ सरळ हिरवट हाय. डावा घ्या तुम्ही, डावा. एकदम साहेबी."

लिंबाजीचा जीव भांड्यात पडला. त्यानं बसलिंगप्पाकडं वळून उजव्या पट्ट्याकडं बोट नेलं. ते वाटेत असतानाच दारातून सिंधुताई म्हणाली, "अहो, उजवा कसा हिरवट? तो तर कांदेरी हाय, कांद्याच्या सालीवाणी गुलाबी! डावा हिरवट."

सिंधुताई समोर राहायची, ब्लाउज शिवायची. आप्पासाहेब आपल्याआधी कुठं निघाले म्हणून बघायला आली होती. तिच्यामागून तिच्याकडं माप द्यायला आलेली शरणम्माही आत आली. देवणीकडची, अर्धं बोलणं कानडीत. तिनं कमरेवर हात ठेवून दोन्ही पट्टे बघितले आणि निकाल दिला, "दोन्ही बूदीच की."

"बूदी म्हंजे?"

"राख. राख काय हिरवी असतीया का तांबडी?"

लिंबाजीला तिच्या पाया पडावंसं वाटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला दिसतं तेच बोललं होतं. पण आप्पासाहेब भडकले.

"म्हणजे मी खोटं बोलायलोय काय? पिकाचा रंग बघून रोग सांगणारा माणूस आहे मी!"

"पिकाचं तुम्हीच बघा," सिंधुताई म्हणाली. "मी रोज धाग्याला धागा जुळवते. कांदेरी मला शिकवू नका."

"आधी पाणी दे बाई," शरणम्मा आतल्या खोलीकडं बघून म्हणाली. घरात बाई नाही हे लक्षात येऊन तिनंच मग तांब्या उचलला, टिपाडातून भरून आणला आणि सगळ्यांना दिला. वाद घालून घसे कोरडे पडले होते. सिंधुताईनं चहा टाकला. चहाला पाणी. कपबशा विसळायला पाणी.

हे गल्लीत कळायला वेळ लागला नाही. दुष्काळात माणसाला काम नव्हतं. शेतं पडीक, बाजार थंड, टँकर परवा. त्यात सोनकांबळ्यांकडं रंगाचा फैसला चाललाय म्हटल्यावर एकेक जण येऊ लागला. जो येईल तो पट्ट्यांपुढं उभा राहायचा, एक डोळा झाकायचा, मागं सरकायचा, कुणाच्या तरी पायावर पाय द्यायचा आणि बोलायचा. कुणी म्हणालं, दाराशी उभं राहून बघा. कुणी म्हणालं, ऊन उतरल्यावर बघा, आता उजेड खोटा आहे. एकानं सुचवलं, दुसऱ्या भिंतीवर लावून बघा. बसलिंगप्पा कुरकुरत उठला, वाटीभर पाण्यात दोन्ही पुडी चिमूटचिमूट कालवून खिडकीशी आणखी दोन पट्टे ओढून आला. ते ओले होते तोवर काळपट दिसले, वाळले तसे पांढुरके झाले. त्यामुळं ज्यांनी ओले बघितले आणि ज्यांनी वाळलेले बघितले, अशा आणखी दोन पार्ट्या पडल्या.

लिंबाजी प्रत्येकाला विचारत होता, "पण हिरवट कोणचा?" आणि प्रत्येक जण वेगळीकडं बोट दाखवत होता. त्याला काही उमजेना. आजवर त्याची पक्की समजूत होती की आपण सोडून साऱ्या जगाला रंग एकसारखे आणि स्वच्छ दिसतात, आणि ते जग आपल्यावर लक्ष ठेवून आहे. आता तेच जग त्याच्या पुढच्या खोलीत उभं राहून एका हातभर पट्ट्यावरून हमरीतुमरीवर आलं होतं.

"लिंबाजीराव, तुम्हीच सांगा हो!" आप्पासाहेब शेवटी ओरडले. "तुम्ही सकाळपासून बघायलाव. तुमच्या डोळ्याला हिरवट कोणचा दिसतो?"

सगळे त्याच्याकडं बघू लागले. आप्पासाहेबांचा साडू लिंबाजीच्याच कचेरीत हेडक्लार्क होता, हे लिंबाजीला नेमकं त्याच क्षणी आठवलं. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला.

"माझं म्हणाल तर," तो सावकाश म्हणाला, "घाई करून चालायची न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माणूस विचारी आहे, यावर पहिल्यांदाच खोलीत एकमत झालं. आणि मग त्या एकमतावर पुन्हा एक तांब्या पाणी फिरला.

ऊन कलल्यावर माणसं पांगली. बसलिंगप्पा अंगणात गेला आणि टिपाडात वाकून त्यानं हाक मारली. आवाज घुमून आला. "मालक! हिकडं या!"

टिपाडाच्या तळाशी पाणी होतं, पण घागर आडवी केली तरच भरावी इतकं. गल्लीनं मतं दिली आणि पाणी पिऊन गेली.

"ह्यात एक डाव कालवता येतंय," बसलिंगप्पा म्हणाला. "एकदाच. चुकला तर धुवायला बी पाणी न्हाई, दुसरा कालवायला बी न्हाई. आता बोट दाखवा, न्हाईतर मी चाललो घरी."

लिंबाजी दोन डब्यांच्या मधोमध उकिडवा बसला. उद्या दुपारी तारामती येणार, आईला घेऊन. भिंतीवर चार पट्टे, टिपाड कोरडं आणि नवरा विचारी. त्यानं डावा डबा उचलला, खाली ठेवला. उजवा उचलला. मग एकदम, आपण काय करतोय हे स्वतःलाच कळायच्या आत, त्यानं दोन्ही डबे बादलीत उपडे केले.

"मालक!" बसलिंगप्पाच्या तोंडातली बिडी पडली. "दुकानदार आता एक बी डबा घ्यायचा न्हाई!"

"न घेऊ दे. तिला हिरवट पाहिजे होता ना? हाय त्यात. आता कुणी म्हणू दे न्हाई म्हणून. ओत पाणी."

बसलिंगप्पानं कपाळावर हात मारून पाणी ओतलं आणि काठीनं ढवळायला लागला. ढवळता ढवळता त्याचा हात मंद झाला. त्यानं कुंचला बुडवून भिंतीवर एक लांब फटकारा मारला, मागं सरकून बघितलं आणि आपलं तत्त्व विसरून म्हणाला, "च्यायला, झकास दिसायलंय की."

रंग पुरला. दोन डब्यांची पूड एका खोलीला लागली म्हटल्यावर चांगला जाडच बसला. दिवेलागणीला बसलिंगप्पा गेला आणि लिंबाजी मधल्या दारात बसून राहिला. ओल्या रंगाचा वास येत होता. गावाकडं सणाच्या आधी आई पांढऱ्या मातीनं भिंत सारवायची, तेव्हा घरात असाच वास भरायचा. भिंत वाळायला लागली की ती म्हणायची, "हात लावू नका रे," आणि कुणाचं लक्ष नसताना स्वतःच तळहात टेकवून बघायची. लिंबाजीनं इकडंतिकडं बघितलं आणि कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तळहात टेकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तारामती आईला, सरजाबाईंना, घेऊन आली. सरजाबाईंनी दारातच डोळ्यांवर हात धरला. "अगं बया! राखुंडी फासल्यागत दिसायलंय!"

तारामतीनं पिशवी खाली ठेवली. खोलीच्या मधोमध उभी राहिली, चारी भिंती बघून घेतल्या. लिंबाजी तिच्या नजरेमागं मान फिरवत राहिला.

"हाच," ती शेवटी म्हणाली. "हाच म्हणले होते मी. बघा, किती थंड वाटतोय डोळ्याला."

लिंबाजीनं एवढा मोठा श्वास सोडला की सरजाबाईंनी विचारलं, "जावायबापूला दमा हाय का गं?"

तारामती हातपाय धुवायला म्हणून मागं अंगणात गेली. टिपाडात पाणी नव्हतं, पण टिपाडाशेजारी दोन डबे पालथे पडले होते. दोन्ही रिकामे. तिनं एक उचलला, आत बघितलं. दुसरा उचलला. दोन्ही हातांत दोन डबे धरून ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. मग आत आली आणि एवढंच म्हणाली, "डबे चांगले हायत. टँकर आला की धुऊन घेते. डाळ ठेवायला होतील."

बुद्धपौर्णिमेला तसबीर लागली आणि तारामती म्हणाली होती तसंच झालं. राखाडी भिंतीवर निळा कोट असा उठून दिसला की वंदनेला बसलेल्या माणसांच्या नजरा तिथून हलेनात. लिंबाजीला तर वाटलं, इतका निळा त्यानं मिरवणुकीतही बघितला नव्हता. जेवणं झाल्यावर आप्पासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलात माझं! डावा म्हणलो होतो ना?" थोड्या वेळानं सिंधुताई कानाशी येऊन म्हणाली, "आप्पासाहेबांचं ऐकलं न्हाई, लई बरं केलं. उजवाच शोभतो." शरणम्मा म्हणाली, "बूदी ती बूदी." लिंबाजी तिघांनाही म्हणाला, "तुमच्यामुळंच जमलं."

आणि इथून खरी पंचाईत सुरू झाली. सोनकांबळ्यांच्या खोलीचा रंग गंजगोलाईत शोधून मिळेना. लोक दुकानदाराला नमुना दाखवायचे, तो एकदा हा डबा काढायचा, एकदा तो, आणि कुठलाच जुळायचा नाही. गल्लीत बोललं जाऊ लागलं की असा रंग निवडायला नजर लागते, आणि ती लिंबाजीरावांकडं आहे. माणूस उगीच बोलत नाही, दिवसभर विचार करतो, मगच सांगतो. आप्पासाहेबांच्या साडूनं ही कीर्ती कचेरीत नेली. साहेबांच्या खोलीला पडदे घ्यायचे होते, त्यासाठी लिंबाजीला पुढं घातलं. लिंबाजीनं कापड बोटांत चोळून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "धुण्यात टिकंल ते घ्या." साहेब खूश झाले. कुणी सायकलचा रंग विचारायला येई, कुणी पाटीवरच्या अक्षरांचा. लिंबाजी डोळे मिटून थोडा वेळ बसे आणि म्हणे, "थोडा दाबून घ्या." काय दाबायचं हे लोक आपापलं ठरवत.

पावसाळा आला तसा नावापुरता आला. एका संध्याकाळी सिंधुताई दोन शालू घेऊन धडकली. तिच्या लेकीचं, शिवगंगेचं, लग्न ठरलं होतं.

"लिंबाजीभाऊ, तुम्ही म्हणाल तो घेणार. एक परत करायचाय." तिनं दोन्ही हातांत दोन शालू उलगडून धरले.

लिंबाजी बघत राहिला. जरीची वेलबुट्टी तेवढी वेगळी. बाकी सारखेच. डोळे मिटून बसायची त्यानं तयारी केली, पण सिंधुताईला बस गाठायची होती. "दाबून घ्या" इथं चालणार नव्हतं.

स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तो न थांबता मधल्या दारातून तारामतीचा आवाज आला, "अहो, ताईंच्या त्या दाराकडच्या हातातला हिरवा बरा हाय, पण लग्नाला लालच शोभंल की. खिडकीकडचा. न्हाई का?"

"हाव," लिंबाजी म्हणाला. "खिडकीकडचा लाल घ्या."

"एका नजरेत सांगितलं!" म्हणत सिंधुताई गेली.

लिंबाजी जागचा हलला नाही. आत भाकरी थापली जात होती, थप थप थप. खिडकीकडचा लाल. दाराकडचा हिरवा. त्याला एकेक आठवायला लागलं. परवा ती म्हणाली होती, "खुंटीवरचा हिरवा सदरा घाला." त्याच्या आधी, "वरच्या फळीवरची लाल पिशवी न्या." पूर्वी ती नुसतं "हिरवा सदरा" म्हणायची आणि तो कपाटापुढं उभा राहून घामाघूम व्हायचा. कधीपासून बरं तो घाम यायचा थांबला? उन्हाळ्यापासून. खोली रंगवली तेव्हापासून. ती एक शब्द न बोलता प्रत्येक रंगाला जागा देत होती आणि त्याला पत्ता नव्हता.

"या, जेवायला या," तिनं हाक मारली. सरजाबाई लवकर जेवून अंगणात बाजेवर टेकल्या होत्या. तारामतीनं ताट ठेवलं आणि स्वतः समोर बसली. लिंबाजीला काहीतरी बोलायचं होतं. कुठून सुरुवात करावी ते कळेना.

"दोन ठेचे केलेत," ती भाकरी वाढत म्हणाली. "उजवीकडं लाल हाय, तो गोडसर हाय. डावीकडचा हिरवा लई जहाल झालाय, जरा सांभाळून."

लिंबाजीनं निर्धास्तपणे उजवीकडचा ठेचा भाकरीवर चांगला चमचाभर घेतला, घास केला आणि तोंडात टाकला.

क्षणभर काही झालं नाही. मग त्याच्या कानांतून वाफ निघाली. डोळ्यांतून धारा लागल्या. तो ताटावरून उठला, पुन्हा बसला, तांब्याला हात घातला, तो पालथा झाला.

"अगं तारा, हा... हा हिरवा हाय!"

"अगं बाई! माझ्या उजवीकडं म्हणले मी!"

दोघंही थबकली. आजवरच्या आयुष्यात लिंबाजीनं आपला रंग चुकल्याचं मोठ्यानं पहिल्यांदाच सांगितलं होतं, तेही बोंब मारून. तारामतीनं गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला. त्याच्या रडवेल्या चेहऱ्याकडं बघता बघता तिचे ओठ थरथरले, तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरलं नाही.

"बघा," ती हसता हसता म्हणाली, "कळतोय की तुम्हाला रंग!"